दाराचा कडुलिंब

दाराला कडुलिंब बांधायचं म्हटलं की अजून मी दहादा विचार करतो. मद्रासला आमचा पहिलाच पाडवा, त्यात शहरात देवीची साथ. हिने हौसेने दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. झालं! दूधवाला फाटकातूनच परत फिरला. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, "कोणाला आल्यात देवी?" तेव्हा कळलं, इथे देवी आलेल्या घरालाच कडुलिंब बांधतात, म्हणजे बाहेरचं कोणी आत येत नाही.

मी घाईघाईने डहाळा सोडतोय, तोच समोरच्या मीनाक्षीअम्मा सरळ आत आल्या आणि आमच्या तान्ह्या लीलाला मांडीवर घेऊन बसल्या. लीलाला अजून देवी टोचल्या नव्हत्या.

मी मोडक्या तमिळमध्ये म्हटलं, "अम्मा, आमच्याकडे सगळे बरे आहेत, हा आमचा सण आहे. पण पाला बघून तुम्हाला भीती नाही वाटली?"

अम्मांचा चेहरा उतरला.

"अय्यो! मला वाटलं, तुमच्याकडेही आल्यात. आमचा धाकटा तापाने नुसता फणफणलाय, अंगभर फोड आलेत. पण थोरलीचं लग्न तोंडावर आलंय ना, म्हणून आम्ही दाराला पाला नाही बांधला."

हिने झडप घालून लीलाला उचललं. मी हातातला डहाळा पुन्हा दाराला घट्ट बांधला.