सहा वाजता घरी

वारा हो, वारा! पाऊस नाही, थेंब नाही, नुसता वारा... सकाळपासून असा सुटलेला की समोरच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण उडालं, रस्त्यात झाडं आडवी झाली, आणि ऑफिसनं कळवलं, आज येऊ नका, घरूनच काम करा. झालं! तुम्हाला सांगतो, झाडं पाडली त्याचं काही नाही, पण त्या वाऱ्यानं या दोघांना एका घरात कोंडलं, हे काही बरं केलं नाही.

दोघं म्हणजे माझा मुलगा आणि सूनबाई. कंपनी एकच, मोठी, काम काय तर जगाचे हिशेब तपासायचे. हा हिशेब तपासणाऱ्यांत, ती माणसं भरणाऱ्यांत. हिशेबवाले म्हणतात, भरतीवाले गोड बोलून कुणालाही आणून बसवतात. भरतीवाले म्हणतात, आम्ही आणतो आणि हे पळवून लावतात. तिकडे निदान मजले तरी वेगळे! इथं या खोलीत तो, त्या खोलीत ती, आणि मधल्या खोलीत मी. शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस, मला काय कळतंय? पण मधली खोली माझी ना!

मागं तिनं ह्याच्या हाताखाली कामाला एक मुलगा आणून दिला होता, तो आठवड्यातच पळाला. का? तर तिनं त्याला सांगितलेलं, 'सहा वाजता घरी जाता येईल,' आणि ह्यानं त्याला जेवायलासुद्धा उठू दिलं नाही.

"खोटं कशाला सांगितलंस त्याला?" हा या दारातून.

"खरं सांगितलं असतं तर आला असता का?" ती त्या दारातून.

"मी तिघांचं काम एकटा ओढतोय!"

"मग आलेल्याला टिकू दे की!"

आणि मधल्या खोलीत मी, मान इकडे, मान तिकडे... चहाचा कप तसाच हातात!

आता त्या जागेसाठी उरली होती एकच मुलगी. आज पाचाच्या आत ती 'हो' म्हणाली तर ठीक, नाहीतर पाच वाजता साहेब दोघांना समोर घेऊन विचारणार, जागा रिकामी कुणामुळे? हा म्हणाला, "मी सरळ सांगणार, भरती खात्यामुळे." ती म्हणाली, "खात्याची मुख्य मी आहे." "मग मी काय करू?" अहो, असं बोलतात का बायकोशी? ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं मला. पण ती अगदी हळू म्हणाली, "सांग. पण उद्यापासून घरातसुद्धा मला मॅडमच म्हणायचं." आणि दार लावलं. दाराचा आवाजसुद्धा झाला नाही हो...

चारच्या पुढं त्या मुलीचा फोन आला, आणि नेमकं तेव्हाच साहेबांनी सूनबाईला संगणकावर बोलावलं! ती धावत आली, फोन माझ्या हातात. "बाबा, दोन मिनिटं बोलत राहा, ठेवू देऊ नका!" आता मी काय बोलणार? म्हटलं, तुमच्याकडे वारा आहे का?

"आहे," म्हणाली. गोड पोरगी. मग म्हणते, "आजोबा, एक विचारू? तुमच्या घरचं कुणी हिशेबात आहे का तिथं?"

"आहे की, माझा मुलगा."

"मग ते किती वाजता घरी येतात हो?"

फोनचा आवाज मोठा, घरभर ऐकू गेलं. मी वर पाहिलं. या दारात हा. त्या दारात ती, साहेबांना टाकून आलेली. ह्यानं बोटं वर केली, सहा. तिनंही केली, सहा! दोघांची मिळून बारा बोटं माझ्यासमोर! लग्न झाल्यापासून एवढं एकमत मी पाहिलं नव्हतं, तुम्हाला सांगतो! आणि मधल्या खोलीत मी, कानाला फोन... पोर बिचारी विश्वासानं विचारतेय...

"बाळ," म्हटलं, "सहाला येत असता तर मला दिसला असता की. मी तेव्हा जागाच असतो."

"थँक्यू आजोबा," म्हणाली, आणि ठेवला!

"बाबा, असं बोलतात का कुणी?" हा.

"तेच म्हणते मी!" ती.

"आता साहेबांना काय सांगायचं?"

"थांब, दोघं मिळून सांगू."

आणि बसले की हो एका संगणकापुढं, खांद्याला खांदा लावून! साहेबांना काय सांगितलं ऐका... 'घरातल्या वडीलधाऱ्या माणसामुळे अडचण आली, उद्यापर्यंत मुदत द्या.' साहेबांनी दिली. मॅडम नाही, काही नाही, ह्यानं तिच्यासाठी खुर्ची ओढली, तिनं ह्याच्या कपात साखर घातली. आणि मधल्या खोलीत मी... माझ्याशी कुणी बोलायला तयार नाही!

शेवटी दार उघडून जिन्यात जाऊन उभा राहिलो. शेजारीण उडालेले कपडे गोळा करून वर येत होती. मला बघून थांबली, आमच्या दाराकडे एकदा पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "काका, सकाळपासून भिंतीतून सगळं ऐकू येत होतं म्हणून विचारते. जागा अजून रिकामी आहे ना? आमच्या धाकटीचं बघा की, तीही हिशेबाचंच शिकलीय. आणि सहाला सोडलंच पाहिजे असं काही नाही हो... लवकर घरी आली की माझ्याशीच भांडत बसते!"