घरच्यांचं माप

आत्या : अगं थांब, ओढू नकोस. बटण उडून माझा डोळा जाईल.

लेक : मी कुठे ओढतेय, आत्या? ते काजापर्यंत येतच नाहीये.

बाबा : पोट आत घे.

लेक : पोट नाही बाबा, पाठ अडतेय. खांदेसुद्धा. हात वर केला तर फाटेल.

बाबा : फाटणार नाही. माझ्या हातचं आहे.

आत्या : दादा, डोळे उघडून बघ. उशीला लहान अभ्रा कोंबल्यासारखी दिसतेय पोर.

बाबा : मग कापड आटलं असेल. फौजेचं स्टोअर, काय देतील त्यांचा नेम नाही.

आत्या : कापड आटलं! शिंप्याची कात्री कधी चुकत नाही, चुकतं ते कापड.

लेक : बाबा, तुम्ही माप कुठलं घेतलंत?

बाबा : कुठलं म्हणजे? तुझं.

लेक : मी तर आज आले. शर्ट मैत्रिणीच्या भावाबरोबर पाठवला होता, ढगळ आहे, बसता करून द्या म्हणून.

बाबा : घरच्यांचं माप कोण घेतं? झबली शिवल्यापासून तुझा खांदा पाठ आहे मला. डोळे मिटून शिवीन.

आत्या : मिटूनच शिवलंस.

लेक : बाबा, उद्या सकाळी शपथ आहे. साहेब एकेकीला कॉलरपासून बुटापर्यंत बघतात. वर्दी नीट नसली तर रांगेतून बाहेर. आणि मला अंधार पडायच्या आत परत पोचायचंय.

बाबा : बाहेर काढायचं तर ते कशावरूनही काढतील.

लेक : काय म्हणालात?

बाबा : काही नाही. दे तो शर्ट.

आत्या : तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतोस? बोल की.

बाबा : काय बोलू? उद्या ऐन वेळी कोणीतरी कागद उघडणार. शाळेचा दाखला मागणार. हिच्याकडे काय आहे? बाहेरून बसलेल्या परीक्षेचा कागद. पहिल्या वेळी भरती कचेरीच्या खिडकीवरच्या बाबूनं तो हातातसुद्धा घेतला नव्हता. म्हणाला, फौज म्हणजे शाळा सोडलेल्यांची धर्मशाळा नाही.

लेक : शाळा मी सोडली नव्हती. शाळेनं मला सोडलं. आई अंथरुणाला खिळली, तिला कुशीवर वळवायला घरात दुसरं कोण होतं? तर गैरहजर म्हणून पटावरून नाव उडवलं. पोरगी जिवंत आहे की मेली, एकानं दार वाजवून विचारलं नाही.

आत्या : वहिनी गेली तेव्हाही कोणी फिरकलं नाही. शाळेच्या कमानीला वर्गणी मागायला मात्र दोघं आले. मी चहासुद्धा विचारला नाही मेल्यांना.

लेक : याच टेबलावर, इस्त्री करता करता शिकले मी. गणितानं लोळवलं, परत बसले. भरतीच्या लेखी परीक्षेत शाळावाल्यांना नुसतं पास पुरतं, आमच्यासारख्यांनी त्यांच्या वर मार्क आणायचे. आणले. कागद तेव्हाच तपासून झाले, बाबा. आता कोणी काही मागत नाही. उद्या फक्त हात वर करायचा.

आत्या : हात वर होईल असा शर्ट तर हवा! आण तो इकडे दादा, उलटा करू दे. अरे, हे काय?

बाबा : काय?

आत्या : आत सगळं कापड तसंच. दोन्ही बाजूंना शिवणीच्या आत चांगला दाब ठेवलायस. एरवी तर जादाचं छाटून त्याची फडकी करतोस.

बाबा : ठेवलं.

आत्या : का?

बाबा : सरकारी माल. हिला परत पाठवली असती, तर वर्दी जशीच्या तशी परत द्यायला नको?

लेक : म्हणजे मी परत येणार असं धरूनच शिवलंत.

बाबा : भीत होतो, पोरी. त्या खिडकीवरून तू घरी आलीस तेव्हा तोंड फिरवून इस्त्री तापवायला घेतलीस. ते परत बघायची छाती नव्हती माझी.

आत्या : बरं झालं भ्यालास. छाटलं असतंस तर उद्या पोर चादर पांघरून शपथ घेती.

बाबा : तू उसवायला घे. आणि पोरी, तू ये इकडे, उजेडात. पाठ कर.

(टेप एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यापर्यंत जातो. मग तोच पुन्हा, पहिल्यापासून.)

आत्या : काय झालं?

बाबा : टेप सरकला वाटलं. नाही सरकला.

आत्या : मग?

बाबा : माझ्याएवढा खांदा आहे हिचा. माझ्याहून जरा जास्तच.

आत्या : काय खायला घालतात गं तिथं?

लेक : खायला कसलं, उचलायला देतात. पाठीवर माणूस घेऊन टेकडी चढायची.

आत्या : माणूस? जिवंत?

लेक : परवा आमच्यातली एक खरंच पाय मुरगळून बसली. चांगली उभी-आडवी. शाळेत पहिली आलेली, रोज ऐकवायची.

आत्या : मग काय केलंस?

लेक : काय करणार? दाखल्यासकट उचलली.

आत्या : अगं बाई! थांब, सुई टोचली मला हसता हसता. वहिनी असायला हवी होती.

बाबा : तिलाही हीच उचलायची. अंथरुणातून खुर्चीत, खुर्चीतून अंथरुणात. तेव्हा खांदे कसले, हँगर होते नुसते. मी मशिनवरून बघायचो. वाटायचं, आज मोडणार.

लेक : नाही मोडले.

बाबा : हाताला लागतंय ना. इतकी वर्षं वर्दीवाल्यांचीच मापं घेतोय मी. मोठमोठे साहेब उभे राहिलेत या फरशीवर.

आत्या : मग आज टेप एकाच खांद्यावर का अडलाय तुझा?

बाबा : तू उसव गं. आणि तू अशी ताठू नकोस. टेप दिसला की गिऱ्हाईक छाती काढतं, मग माप चुकतं आणि बोल शिंप्याला. सैल सोड. रोज उभी राहतेस तशी राहा.

लेक : रोज अशीच उभी राहते, बाबा.