पहिला टप्पा कुणाच्या गोठ्यावर?

...आणि वर मलाच विचारतात, "बोता, तू आकडा नीट लिहिला होतास ना?" मला! जिनं कारागांडाच्या कॉलेजात तीन वर्षं आकड्यांशिवाय दुसरं काही चावलं नाही, तिला! तुम्हाला सांगते, मी त्रेसष्ट लिहिला होता. सहावर तीन. सकाळी मेंढ्यांना चारा टाकायला गेले, हात झटकत परत आले, बघते तर सदुसष्ट! आता आकड्याला काही पाय फुटत नाहीत. घरात मोठी माणसं चार, मांजर एक, आणि मांजराला कॉम्प्युटरचा तिटकारा आहे. मी नाव कुणाचंच घेत नाही हं.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही आमच्या म्हाताऱ्या आगांसारखं मधेच "कुठलं रॉकेट? कुणाचं रॉकेट?" करत बसाल.

तर हा कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. खेळ म्हणजे गोट्या नव्हेत! पृथ्वी खरी, तेवढ्याच आकाराची, ओढ खरी, हवा खरी. टाकी तुम्ही बसवायची, इंजिन तुम्ही निवडायचं, इंधन किती भरायचं तेही तुम्हीच ठरवायचं, आणि एक गोष्ट चुकली की तीनशे टनांचं धूड आजारी उंटासारखं हळूच कुशीवर झोपतं आणि मग भडका. माझी पहिली अकरा रॉकेटं अशीच झोपली. बाराव्याचा शेंडा जड केला, पंख वाढवले, पहिल्या टप्प्यातलं इंधन तोलून मापून कमी केलं... आणि गेलं हो, सरळ वर गेलं! मी एवढी ओरडले की आईनं दुधाचं पातेलं टाकून धाव घेतली. तिला वाटलं कोकराला लांडग्यानं धरलं.

आणि हे मी वेळ जात नाही म्हणून करत नव्हते. अल्माटीच्या एका मंडळानं स्पर्धा ठेवली होती. सगळ्यांनी त्याच खेळात रॉकेट रचायचं, आमच्याच गवताळ प्रदेशातल्या उड्डाणतळावरून सोडायचं, उपग्रह कक्षेत ठेवायचा, आणि शुक्रवारी दुपारी बाराच्या आत सगळं पाठवायचं. निवडलेल्या दहा जणांनी उन्हाळाभर अल्माटीत राहून खराखुरा छोटा उपग्रह बनवायचा! वडील म्हणाले, "निवडलं तर जा. नाही निवडलं तर उन्हाळा घरी." हे 'घरी' त्यांनी असं म्हटलं, आणि आईनं लगेच असं दुसरीकडे बघितलं, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. घरी राहून मी काय करायचं? त्यावर चहा तेवढा सगळ्यांनी एकदम भुरकला.

आता चूक माझी काय झाली, तर मी त्यांना नकाशा दाखवला. हौस हो, दुसरं काय! रॉकेटचा पहिला टप्पा, म्हणजे खालचा मोठा रिकामा डबा, सुटून कुठे पडणार ते खेळ लाल फुलीनं दाखवतो. मी म्हटलं, "बघा बघा, नकाशा किती खरा आहे! हा आपला ओढा, हे आपलं हिवाळी घर, आणि ही फुली." फुली बरोबर आमच्या गोठ्यावर होती. मी हसले. हसणारी मी एकटीच.

तर सोमवारी त्रेसष्टाचे सदुसष्ट झाले. आकडा कसला, तर दिशेचा, रॉकेट कुठल्या अंगानं वळणार त्याचा. स्पर्धेचा नियम एकसष्ट ते पासष्ट, त्याच्या बाहेर गेलं की रॉकेट बाद. मी परत त्रेसष्ट केला. मंगळवारी दळण घेऊन येते तर एकोणसाठ! बुधवारी तर कहरच, सकाळी अडुसष्ट आणि दुपारी सत्तावन्न. मला आधी वाटलं खेळच बिघडला. मग वाटलं अल्माटीवालेच मुद्दाम खोडी काढतायत, खेड्यातली पोरगी म्हणून. मग मी उंदीर नाकाशी धरला, कॉम्प्युटरचा हो, तर त्याला मेंढीच्या चरबीचा वास! सातच्या कळीवर पीठ! पाचावर नासाची, म्हणजे तंबाखूची, तपकिरी पूड! आमच्या घरात चरबीचे हात कुणाचे, पिठाचे हात कुणाचे, नास जिभेखाली कोण धरतं... मी नाव कुणाचंच घेत नाही हं. आमच्या वहिनीही, दादा कामाला परगावी असतो त्याची बायको, माझं नाव घेत नाहीत. सुनेनं सासरच्या लहानमोठ्या कुणाचंच नाव घ्यायचं नसतं, म्हणून मला 'लाडके' म्हणतात. मी विचारलं, "वहिनी, कळीवर पीठ कसं?" तर म्हणतात, "लाडके, वारा किती सुटलाय बघ!" वारा! खिडक्यांना हिवाळाभर चिकटपट्ट्या लावलेल्या, आणि वारा येऊन नेमका सातवर बसतो!

मग ओर्दाबेक आगांना धरलं. आगा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, रोज चहाला येतात आणि जेवून जातात. म्हटलं, "आगा, तुम्ही माझ्या कॉम्प्युटरला हात लावलात?" तर छातीवर हात ठेवून म्हणाले, "पोरी, माझं वय एकाहत्तर. मी घोड्याशिवाय कशालाच हात लावत नाही." आणि जाताना दारातून वळून काय म्हणावं? "पण ते बासष्ट तेवढं करू नकोस. तिथे माझं गवत आहे." आता मला सांगा, बासष्ट हा आकडा घोड्यानं सांगितला का त्यांना?

गुरुवारी मी सापळा लावला. बादली जोरात आपटली, "चालले हो पाणी आणायला!" म्हणून गावाला ऐकू जाईल असं ओरडले, दार धाडकन लावलं आणि घराला वळसा घालून खिडकीशी येऊन उभी राहिले. उणे अठरा अंश! नाकातला श्वास गोठत होता. आणि आत... एक चोर असेल असं वाटलं होतं हो मला. एक! चौघंच्या चौघं बसले होते, ओळीनं, बशीत बोरसाक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, हातात चहा, लग्नाची यादी करावी तसे! वडील चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन एका बोटानं कळ शोधतायत, आई मागून म्हणतेय, "एकसष्ट नको, तिथे माझा भाऊ राहतो, त्याच्या घोड्या गाभण आहेत." आगा म्हणतायत, "मग काय माझ्या गवतावर टाकता? टाका! म्हातारा मेलाच आहे!" आणि वहिनी, अहो आमच्या वहिनी, ज्या सासऱ्यांसमोर मान वर करत नाहीत, त्या डोक्यावरचा रुमाल सावरून म्हणतायत, "मी काही बोलत नाही... पण चौसष्टवर माझं माहेर आहे."

मी आत घुसले. बादली हातातच. म्हटलं, "हा खेळ आहे! पडत काहीच नाही! वर जात काही नाही आणि खाली पडत काही नाही! इतकी वर्षं जगलात, खेळ आणि खरं कळत नाही तुम्हाला?"

मग वडिलांनी चष्मा काढला. म्हणाले, "कळतं. तुझं रॉकेट खोटं आहे, कळतं मला. आपल्या गोठ्याचं दार कशाचं आहे?"

दार खऱ्या रॉकेटच्या पडलेल्या टप्प्याच्या पत्र्याचं आहे. मेंढ्यांची गव्हाण अर्ध्या टाकीची आहे. आमच्याकडे निम्म्या घरांत असंच आहे. उड्डाणाआधी फोन येतो, अमुक दिवशी सकाळी जनावरं आत घ्या, आणि लोक जनावरं आत घेऊन, दारं लावून, कान देऊन बसतात. मी लहानपणी बसलेय.

"त्या खऱ्या रॉकेटवाल्यांचंही आधी असंच होतं," वडील म्हणाले. "एका खोलीत, एका पोरानं, एक आकडा. मग ते धूड आपल्या काळ्या घोडीपासून चाळीस पावलांवर पडलं. त्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं इथे कोण राहतं म्हणून. तुला आम्ही सांगतोय."

मी बादली खाली आदळली. राग तर आला होता! पण शुक्रवार उद्यावर आलेला. म्हटलं ठीक आहे, बसा, सगळे मिळून ठरवू. नकाशा मोठा केला. एक अंश सरकवला की फुली सहा किलोमीटर सरकते. एकसष्टवर मामा, बासष्टवर आगांचं गवत, त्रेसष्टवर आम्ही, चौसष्टवर वहिनींचं माहेर. नियमात बसणारा उरला एकच, पासष्ट. मी फुली तिकडे नेली. एक नवं घर, निळं छप्पर, मोठा गोठा, आपलं नात्याचं कुणी नाही. म्हटलं, "झालं! इथे टाकते."

"तिथे नको!"

चौघंही. एका सुरात. इतकं एकमत आमच्या घरात मेंढी कापतानाही होत नाही.

मी एकेकाकडे बघितलं. वडील चष्मा पुसायला लागले. आगांना एकदम घोडा आठवला. आई म्हणाली, "चहा ओतते." मी म्हटलं, "का नको? कोण राहतं तिथे?" कुणीही नाव घेईना! आता नाव न घेण्याची पाळी त्यांची! शेवटी वहिनीच फुटल्या. रुमालाचं टोक चघळत म्हणाल्या, "लाडके, रागावू नकोस... त्या घरच्या बाई रविवारी येणार आहेत. तुझ्या कानात डूल घालायला."

डूल! आमच्याकडे मुलाच्या आईनं मुलीच्या कानात डूल घातले की ठरलं. झालं. मुलगी त्यांची! रविवारी माझं लग्न ठरणार होतं, आणि गुरुवारपर्यंत ते घरातल्या चौघांना, बहुधा मांजरालाही ठाऊक होतं, आणि मी बसलेय इंधन तोलत! 'उन्हाळा घरी' म्हणजे कुणाच्या घरी, ते आत्ता कळलं! वडील म्हणाले, "मुलगा चांगला आहे. खाणीत इंजिनियर आहे. आम्ही सांगणारच होतो." म्हटलं, "कधी? कान टोचून झाल्यावर?"

मी काही आरडाओरडा केला नाही. पासष्ट लिहिला. पाचाच्या पाढ्यातला सोपा आकडा. उड्डाण केलं, उपग्रह कक्षेत बसवला, टप्पा निळ्या छपरावर मधोमध पडला, आणि शुक्रवारची वाट न बघता तिथल्या तिथे पाठवून दिलं. आई म्हणाली, "अगं, त्यांना कळलं तर?" कळणार कसं? घरातली चारच माणसं होती. मी नाव कुणाचंच घेत नाही हं, पण शनिवारी दुपारपर्यंत अख्ख्या तीस किलोमीटरच्या पट्ट्यात चर्चा होती.

रविवारी बाई आल्या. भारदस्त, अंगावर मखमली कोट. मटण झालं, चहा झाला, वडिलांनी त्यांच्या घोड्यांचं आणि त्यांनी वडिलांच्या प्रकृतीचं कौतुक केलं. डुलांची डबी मांडीवर. मग मला जवळ बोलावून, डबी उघडायच्या आधी, अगदी गोड आवाजात विचारलं, "पोरी, तो रिकामा डबा किती वजनाचा असतो गं?"

"सोळा टन," मी म्हटलं.

"आणि घर आमचं आहे हे तुला ठाऊक होतं?"

आई मागून डोळ्यांनी नाही नाही करत होती. मी म्हटलं, "हो."

बाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. रागानं नाही, बाजारात उमद्या पण लाथाळ घोडीकडे बघावं तसं. मग डबी पर्समध्ये ठेवली. "मुलीत दम आहे," वडिलांना म्हणाल्या. "पण आमचं छप्पर नवीन आहे."

पुढच्या आठवड्यात निकाल लागला, दहात माझा नववा नंबर. वडील शब्दाचे पक्के, अल्माटीचं तिकीट स्वतः काढून आणलं. तुम्हाला वाटेल, सुटले मी. कसली सुटतेय! स्थळं येतायतच. फक्त आता मुलगा काय शिकलाय, काय करतो, कुणी विचारत नाही. आगा मला कॉम्प्युटर लावायला सांगतात, चौघं ओळीनं बसतात, आई बोरसाकची बशी पुढे सरकवते आणि वडील चष्मा घालून, नकाशावर नव्या स्थळाच्या छपरावर बोट ठेवून विचारतात, "हे घर कितीवर येतं?"