बर्फात लावलेलं गाजर

...आणि ओले बूट कुठे ठेवायचे, तर झोपायच्या पिशवीत! तुम्हाला सांगतो, माझ्या पिशवीत माझ्याबरोबर कोण कोण झोपतं ते ऐका. बूट, कारण बाहेर ठेवले तर सकाळी त्यांचा दगड होतो. मोजे. पाण्याची गाळणी, कारण ती गोठली की कामातून गेली. फोन, कारण थंडीत त्याची बॅटरी मरते. एवढी मंडळी उबेला आत, आणि माझीच बाहेर पडायची वेळ! बरं, हे कशासाठी? तर कॅनडाच्या हद्दीवरून निघायचं आणि मेक्सिकोच्या हद्दीपर्यंत जायचं. पायी! डोक्यावरून विमानं जातात, आम्ही खालून बघतो. आणि हौसेनं हो, हौसेनं! कुणी ढकललेलं नाही!

म्हणजे हौस आर्लीनची. आमच्या बायकोची. मी नेब्रास्काचा, जन्मभर शाळेची बस चालवली, आमच्याकडे चढ म्हणजे धान्याच्या कोठाराचा जिना! निवृत्त झालो, म्हटलं आता अंगणात खुर्ची टाकून बसू, तर ही नकाशा घेऊन उभी. "लॉइड, कॉलेजात होते तेव्हापासून मनात आहे रे. आत्ता नाही तर कधी?" मी म्हटलं, कधीच नाही! पण मनातल्या मनात म्हटलं, तिथेच तर घोडं पेंड खातं!

मग वजन कमी करणं आलं. हिने टूथब्रशचे दांडे करवतीने कापले! अहो, माझं पोट हे एवढं पुढे आलंय, ते दिसत नाही, आणि ब्रशचा दांडा जड होतोय? आणि खाण्याचा डबा असा, की अस्वलाला उघडता येऊ नये. अस्वलाचं मला माहीत नाही, पण गारठलेल्या बोटांनी माणसालाही उघडत नाही! आत पीनट बटर, बाहेर मी. डबा मांडीत घेऊन रडलो हो मी, खरंच रडलो. आणि हौसेनं!

सकाळी बर्फ टणक असतो, चालता येतं. दुपारी ऊन चढलं की मऊ पडतो, आणि एक पाऊल टाकलं की मी कमरेपर्यंत आत! आता इथली रीत अशी, की वाटेवर स्वतःचं टोपणनाव स्वतः ठेवायचं नाही. लोक ठेवतील ते मुकाट घ्यायचं आणि शेवटपर्यंत वागवायचं. मला वाटत होतं, 'गरुड' वगैरे ठेवतील. तर मागून एक दाढीवाला आला, माझी केशरी टोपी बघितली, कमरेपर्यंत बर्फात गेलेला मी बघितला, आणि केवढ्यांदा ओरडला, "अरे, ते गाजर उपटा कुणीतरी!" झालं! आता अख्ख्या वाटेवर मी गाजर. बायकोसुद्धा हसली!

काल तर रुतलो तो पाय थेट पाण्यात. बर्फाखालून ओढा वाहत होता! आर्लीनने पट्ट्याला धरून ओढलं, नाहीतर गाजर गेलंच होतं. मग आज पहिला डांबरी रस्ता दिसला, मी पाठपिशवी खाली टाकली. "आर्लीन, मी घरी चाललो."

वाटलं, ओरडेल. नाही ओरडली. "बरं. तंबूच्या काठ्या तुझ्याकडे आहेत, त्या दे. स्टोव्ह पण दे." सगळं स्वतःच्या पिशवीला बांधलं, उभी राहिली, तर मागे कलंडायला लागली. मी धरून सरळ उभं केलं. तरी एक म्हातारी बाई ट्रक थांबवून विचारते, "गावात सोडू का?", आणि मी एक पाय आत टाकला!

"जा रे," आर्लीन म्हणाली, "फक्त... आता पुढे कोण चालणार?"

"तूच! तू कुठे रुततेस? एकदा तरी रुतलीस?"

"कशी रुतेन? पुढे तू असतोस. तू जिथे आत जातोस, तिथे मी पाय टाकत नाही."

घ्या! म्हणजे इतके दिवस मला वाटत होतं, मी नवरा म्हणून पुढे आहे! ट्रकवाली विचारते, "चढताय की उतरताय?" तो ओढा दिसायला लागला डोळ्यांपुढे, आणि त्यात ती, एकटी. उतरलो. काठ्या परत घेतल्या.

तर आता मेक्सिकोपर्यंत माझं काम ठरलंय. पुढे जायचं, रुतायचं आणि ओरडायचं, "आर्लीन, इथे नको गं!" आणि हौसेनं हो... हौसेनं!