बेवारस पूल

टेका की दादा, टेका — पडत न्हाय आता त्यो कठडा. लई मजबूत बांधलाय. चुन्यात गूळ घातला, हिरडा घातला, बेलफळाचं पानी घातलं — बाळंतिनीचं करत न्हाईत तेवढं ह्या दगडांचं केलं. चहा घ्या. गोड चालतो न्हवं? — हां. काय म्हनालात, जुना रस्ता बगायला आलाय? सगळेच येत्यात. रविवारी पुन्याच्या गाड्या उसाच्या ट्रॉल्यांवानी एकामागं एक लागत्यात. तिकडं चौपदरीवरनं सुसाट यायचं, आन हितं उतरून म्हनायचं, रस्ता असावा तर असा! — असावा की. मी लगीन हून आले तवा पुन्यासनं सोलापूरला जायला दुसरा रस्ता हुताच कुटं? दोन्ही अंगाला वडाची झाडं. ती तोडली. का? — तर रस्ता रुंद करायचाय. झाडं तोडली ह्याची, आन रुंद केला दुसराच. आता त्या बोर्डावर झाडांचं चित्र काढलंय, बगा. चांगलं काढलंय. सावली तेवढी पडत न्हाय.

कठडा नवा वाटतो म्हनता? दगड जुनेच हाईत — वड्यातनं वर काढले. एका ट्रॉलीनं धडक दिली तवा हिकडचा सगळा कठडा खाली गेला, आन तसाच ऱ्हायला. कोन बांधनार? मायाप्पा आमचा सरपंच, त्यो माढ्याला गेला, सोलापूरला गेला. हे म्हनायचे, रस्ता आता आमच्याकडं न्हाय. ते म्हनायचे, आमच्याकडं अजून आलाच न्हाय. तवा बेवारस हुता, दादा. आता वारसा झाला. फरक केवढा? — म्होरला ‘बे’ गेला, मागं काना आला निस्ता. ‘बे’ गेला, आन त्याच्यासंगं माजा आदिनाथ गेला.

— ल्योक माजा. येकलाच. बार्शीला आडतीवर कामाला हुता. दिवस मावळताना मोटरसायकलवर घरला निगालाय, आन पुलावर समोरनं ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या, ऊस भाईर लोंबतोय. त्यानं गाडी कडंला घेतली. ल्हानपनापासनं ह्याच पुलावर वाढल्यालं पोर, कडंला कठडा असतोय ही सवय अंगात. टेकायला पाय टाकला — आन पायाखाली कायच न्हाय. ट्रॅक्टरवाला म्हनला, मावशे, वराडला सुदीक न्हाय वो त्यो... घ्या, चहा गार व्हतोय तुमचा.

मग ही वारसा समितीवाली आली. टोप्या घालून, टेप लावून मोजमाप. कवा आली? आमी रडून मोकळं झाल्यावर आली. पूल इंग्रजांच्या वेळचा हाय म्हने, जपाय पायजे. माजी टपरी सरकवली, फोटोत येती म्हनून. जितनं आदिनाथ गेला बरुबर तितं लोकांनी हुबं ऱ्हाऊन फोटो काढायची जागा केली — ते लाल बदामाचं चिन्ह दिसतंय न्हवं, तीच. मी त्यांच्यातल्या एकीला म्हनलं, बाई, तितं नगं. ती म्हनली, आजी, तिथूनच व्ह्यू चांगला येतो. — व्ह्यू! आन माहिती सांगायला गावातली शिकल्याली बाई पायजे म्हनले. शिकल्याली कोन? आमची अपेक्षा. सून माजी, आदिनाथची बायको. बार्शीच्या कॉलेजात बीए केल्याली, इतिहास घेऊन. मीच म्हनलं, जा, घरात बसून भिताडं किती बगशील? नऊवारी नेसून यायचं म्हनले — तिला कुटं येतंय नेसाय? पैल्या दिवशी मीच नेसवली. काष्टा घालताना वाटलं, लगनात हिला सजवली तवा बी एवढी वाळली नव्हती पोर.

उद्घाटनाला मोटं सायेब आले, मांडव घातला, हलगी लावली. मी पार मागं हुबी. कशासाठी? एकाच नावासाठी. ती सांगाय लागली — शुद्ध बोलती, ऐकावं वाटतं. पूल बांधनाऱ्या सायबाचं नाव सांगितलं, गवंड्यांचं सांगितलं, आन त्या सायबाचा घोडा पुरात व्हावून गेला, त्याचं बी सांगितलं. लोकं च्च च्च करत हुती. घोडा मेला त्याचं सांगितलं, दादा — नवरा मेला त्याचं न्हाय. माज्या तोंडातनं निगालंच — आदिनाथ! — मांडवभर ऐकू गेलं. हलगीवाला गप. एक पोलिसीन आली, दंडाला धरून बाजूला घेतलं, वंगाळ न्हाय बोलली, पानी दिलं. पर ही? हिनं वळून बगितलं न्हाय. माइक हातात, फुडचं वाक्य सुरू.

घरी आल्यावर मी इचारलं. तुज्या जिभंला काय झालं गं? अपघाताचं बोलू नगं म्हनले हुते व्हय ते? तर म्हनली, “म्हनले हुते आत्याबाई, पण त्यांच्यासाठी न्हाय गप बसले. आज नाव घेतलं असतं, तर उद्याबी घ्यावं लागलं असतं. येईल त्या गाडीसमोर. लोकं घोड्यासाठी करत्यात तसं च्च च्च करतील, आन मग फोटो काढतील. मला न्हाय ह्यांना असं लोकांत वाटून टाकायचं.” — तवापासनं जेवाय वाढती, मी जेवती. बास.

न्हाय, राग कसला. राग न्हाय. राग असता तर सोपं झालं असतं... पुन्याचा एक हाय, ऋतुराज, ह्या गाड्या त्योच आनतोय. त्याची बायको आजारात गेली. त्यो आला हुता मागच्या आटवड्यात माज्याकडं — तिच्याकडं न्हाय, माज्याकडं, चपला भाईर काढून. म्हनला, आजी, तुमी हो म्हनलात तर अपेक्षाला मागनी घालतो. नात माजी, उत्कर्षा, त्याच्याजवळ जाऊन बसली लगीच. मानूस वाईट न्हाय. वाईट असता तर हाकलला असता की! तिचं वय काय हाय? मला कळत न्हाय व्हय? सगळी म्हनत्यात, म्हातारी खडूस, पूल धरून बसलीया. बसू द्या म्हनत. पर ती गेली की घरात आदिनाथचं नाव न घेनारं कोन ऱ्हाईल, सांगा? गावात लई जन घेत्यात नाव — बिचारा आदिनाथ, बिचारा आदिनाथ. गप बसनारी ती येकलीच हाय. दोगी गप बसतो आमी. ते बी —

आली बगा टोळी. नऊवारीतली ती, फुडं. काय बगता? खाली ठिवा कप. मी बोलले ह्यातलं तिला कायबी सांगायचं न्हाय, सांगून ठिवते. आन असं तोंड करून बगू नका माज्याकडं, मी काय घोडा न्हाय. उटा. माहिती पायजेल तर तितं जावा, ती सांगती. मला काय म्हाईत न्हाय.