पेरूवरचे तात्या

आमच्या वसईच्या वाडीत एक नियम होता. वीतभर पंखांचा पतंग दिसला की घरातलं गेलेलं माणूस आलं समजायचं, हात जोडायचे आणि उलट काही विचारायचं नाही. मी बी.एस्सी. झाले आणि एम.एस्सी.चा फॉर्म भरायला निघाले, नेमका त्याच सकाळी पेरूच्या झाडावर असा एक तांबूस पतंग बसलेला.

मोठे काका म्हणाले, "तात्या आलेत." तात्या म्हणजे माझे आजोबा. "पोरींनी फार शिकणं त्यांना कधी पटलं नाही. फॉर्म राहू दे, त्यांना दूध ठेव."

"काका, या पतंगाला खायला-प्यायला तोंडच नसतं."

"ते तोंड सगळं तुलाच मिळालंय," वाटी घेऊन आलेली आत्या म्हणाली. "हात जोड."

त्या झाडावरचा कोश मी महिनाभर रोज पाहत होते. जवळ गेले. "डोक्यावरच्या मिशा बारीक आहेत, नराच्या रुंद असतात, म्हणजे ही मादी. आणि काका, पानाखाली बघा. तुमचे तात्या अंडी घालतायत."

काका चष्मा लावून वाकले, ते वाकलेलेच राहिले.

"मी दूध ठेवणार नाही, हात जोडणार नाही. फॉर्म आजच भरणार."

वाटी आत्याच्या हातातच राहिली.