रॉइसची जागा

नदीकाठच्या ह्युऑनव्हिल गावच्या दवाखान्यात ऑड्री आपल्या नंबरची वाट बघत दुखरा गुडघा चोळत बसली होती. समोरच्या बाकावर रॉइस आणि लिंडसे, दोघे म्हातारे भाऊ. थोरला रॉइस सारखा उठून खिडकीतून नदी बघून येत होता.

“बस ना रे दादा. डॉक्टर रिपोर्ट घेऊन येतीलच.”

“भरती लागली बघ. बारीक मासळी वर चढत असेल, तिच्या मागे समुद्रातले ट्राउट मासे. आणि मी इथे भिंती बघतोय!”

“तुझी कयाक होडी काय पळून जाते का?”

“ट्राउट जातात ना!”

“गेल्या वसंतात म्हणालास, पुलाखाली लागतात. दोन महिने पुलाखाली वल्हं मारलं. शेपूटसुद्धा दिसलं नाही.”

“तू पुलाखाली होतास, म्हणून तर मला निवांत मिळाले.”

“चाळीस वर्षं थापा मारतोयस. सख्ख्या भावाला!”

“आपली जागा कुणी सांगतं का? बापाने तरी मला कुठे सांगितली?”

नर्स दारात आली. “रॉइसकाका, पाचच मिनिटं हं. डॉक्टर म्हणाले, भावालाही आत घेऊन या.”

रॉइस पहिल्यांदाच नीट टेकून बसला. ऑड्रीचा हात गुडघ्यावरच थांबला.

“लिंडसे, ऐक. सफरचंदं जहाजात चढवायचे त्या जुन्या धक्क्यापुढे काळा खडक आहे. भरती अर्धी झाली, की त्याच्या आडोशाला…”

“गप्प बस.”

“अरे, खरं सांगतोय.”

“म्हणूनच म्हणतोय, गप्प बस. थाप मार. नेहमीसारखी.”

“…बरं. पुलाखाली लागतात.”